आधी भातुकलीचा बाजार मांडून बघा : सेबीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मंडळाचे सदस्य,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

स. न. वि. वि.

परळच्या एका महाविद्यालयात मी 22 वर्षे संख्याशास्त्र शिकवते आहे. बाजाराशी माझे नाते वडिलांकडून आले. बाबा दलाल स्ट्रीटवर एका दलालाकडे कारकून होते. रिंगमध्ये, म्हणजे सौद्यांच्या सभागृहात, दलालाचा जॉबर हातवारे करून, घसा फोडून सौदे करायचा. बाबा ते चोपडीत उतरवायचे आणि संध्याकाळी समोरच्या पार्टीच्या चोपडीशी ताडून बघायचे. 1995 साली बोल्टचे, म्हणजे संगणकावरून सौदे करायच्या यंत्रणेचे, पडदे आले आणि रिंगमधला आरडाओरडा थांबला. बाबांचे त्यावर एकच म्हणणे होते : "पूर्वी आपल्याला फसवणाऱ्याचं तोंड तरी दिसायचं."

गेल्या पावसाळ्यात हे वाक्य मला पुन्हा आठवले. तृतीय वर्षाचा एक मुलगा लेक्चर संपल्यावर मागे रेंगाळला. हातात मोबाइल, मोबाइलवर एक हिरवी रेघ, डावीकडून उजवीकडे जिन्यासारखी चढत गेलेली. टेलिग्रामवरच्या कुठल्याशा गटाने त्याला एक 'अल्गो', म्हणजे ठरल्या नियमाने आपोआप सौदे करणारा प्रोग्राम, विकला होता. मागच्या आकड्यांवर चालवून बघितला तर सलग चौदा महिने नफा. आईच्या भिशीचे 60,000 रुपये त्याने त्यात घातले होते, आणि सात आठवड्यांत 11,000 उरले होते. त्याचा प्रश्न साधा होता. "मॅडम, कोडमध्ये चूक कुठे आहे?"

मी दोन संध्याकाळी तो कोड वाचला. त्यात चूक नव्हती. नियम शोधणाऱ्याने सरासरी किती दिवसांची धरायची याचे 20 पर्याय घेतले, स्टॉपलॉसचे (किती तोट्याला सौदा सोडायचा त्याचे) 10 आणि सौद्यात शिरायच्या वेळेचे 6, की 1,200 नियम तयार होतात. ते सगळे जुन्या भावांवर पळवायचे आणि त्यातली सगळ्यात देखणी रेघ विकायला काढायची. वर्गात मी हे नाण्यावरून समजावते. 1,024 माणसांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवले, तर सरासरीने त्यातल्या एकाला दहाही वेळा छाप पडतो. मग तो माणूस नाणे कसे उडवावे याचे क्लास काढतो.

आपण फेब्रुवारी 2025 मध्ये किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गोंसाठी चौकट आणली. प्रत्येक अल्गोला एक्सचेंजची ओळख हवी, आणि आतला तर्क न दाखवता 'काळी पेटी' विकणाऱ्याने संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी करायला हवी. हे चांगले झाले. एक शिक्षिका म्हणून आभार मानते. टेलिग्रामच्या गल्ल्यांत तो नियम कितपत पोचतो, हा भाग वेगळा.

पण हे पत्र त्या मुलाच्या 49,000 रुपयांसाठी लिहीत नाही. त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना म्हणून लिहिते आहे. चूक कोडमध्ये नसेल तर कुठे आहे?

उत्तराचा एक धागा आपल्याच अहवालात सापडला. सप्टेंबर 2024 च्या आपल्या अभ्यासाप्रमाणे 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे वायदे आणि ऑप्शन (ठरल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क) यांच्या बाजारात, सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या आणि एकत्रित तोटा 1.8 लाख कोटींच्या वर गेला. वर्तमानपत्रांनी हाच आकडा मोठ्या टायपात छापला. मी मात्र पुढच्या ओळीवर थांबले. 2023-24 मध्ये स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या संस्थांनी, म्हणजे प्रोप्रायटरी ट्रेडर्सनी, खर्च वजा होण्याआधी सुमारे 33,000 कोटी कमावले आणि परकीय पोर्टफोलिओ गुंतवणूकदारांनी 28,000 कोटी. परकीयांच्या नफ्यातला 97 टक्के आणि प्रोप्रायटरी नफ्यातला 96 टक्के भाग अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतून आला.

म्हणजे एका बाजूला मॉडेल आहे आणि दुसऱ्या बाजूला मोबाइल. ज्यांना नफा होतो त्यांनी बाजार संगणकात उभा केलेला आहे. गर्दी कधी कुठे वळते, कुठल्या भावाला किती ऑर्डरी साचतात, एक्सपायरीच्या, म्हणजे करार संपायच्या दिवशी, दुपारी तीन वाजता प्रीमियम (ऑप्शनची किंमत) कसा वितळतो, हे ते आधीच हजारदा चालवून बघतात. समोर आमचा पोरगा, हिरव्या रेघेच्या भरवशावर.

आणि मध्ये आपण. आपल्याकडे तक्ते आहेत. ते प्रामाणिक आहेत आणि आपण ते लपवत नाही, याचे मला कौतुक आहे. पण तक्ता म्हणजे पंचनामा. अपघात झाल्यावर खडूने रेघा मारून, फीत लावून मोजलेला. नवा नियम आणायचा तेव्हा आपण चर्चापत्र काढता, लोकांच्या सूचना मागवता. त्या चर्चापत्रात मागच्या वर्षांचे आकडे असतात, परदेशात काय चालते ते असते. ज्यात तो नियम घालून बघता येईल, असा चालता बाजार मात्र सोबत नसतो. नियम थेट एक कोटी माणसांवर लागतो आणि मग वर्षभराने पुन्हा पंचनामा.

माझी मागणी एवढीच आहे : नियम खऱ्या बाजारात येण्याआधी भातुकलीच्या बाजारात चालवून बघा, आणि ती भातुकली सगळ्यांसमोर उघड्यावर मांडा.

भातुकली हा शब्द मी मुद्दाम वापरते. या शास्त्राची रीत तशीच आहे. संगणकात काही हजार बाहुले ठेवायचे. प्रत्येकाला थोडे पैसे द्यायचे, एकदोन सवयी द्यायच्या. एक बाहुला भाव चढला की घेतो. दुसरा कंपनीची कमाई बघतो आणि बाकीच्या गोंधळाकडे लक्ष देत नाही. तिसरा शेजाऱ्याने काय केले ते बघतो. चौथी आमच्या वहिनींसारखी : नफ्यातला शेअर चहा उकळायच्या आत विकते आणि तोट्यातला 'येईल वर' म्हणून वर्षानुवर्षे सांभाळते. (100 रुपये गमावल्याचे दुःख 100 रुपये मिळाल्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट असते, असे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवले. वहिनींना ते न वाचताच माहीत आहे.) मग या बाहुल्यांना एका ऑर्डर बुकासमोर (कोण कुठल्या भावाला किती घ्यायला-विकायला तयार आहे त्या यादीसमोर) सोडायचे आणि भाव त्यांच्या धक्काबुक्कीतून आपोआप कसा निघतो ते बघायचे. कुणीही वरून भाव ठरवत नाही.

मुंबईकराला हे समजायला अवघड नाही. लोकलच्या लेडीज डब्यात रोज सकाळी हाच प्रयोग चालतो. डोंबिवलीच्या फलाटावर कुणीतरी म्हणते, "ही सोडा, मागून येणारी रिकामी असते." दहाजणींनी ऐकले तर मागची गाडी खरेच बरी मिळते. सगळ्या फलाटाने ऐकले तर मागच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि पुढची निम्मी मोकळी गेलेली असते. अंदाज खरा की खोटा हे अंदाजावर विसंबणाऱ्यांच्या संख्येवर ठरते. ब्रायन आर्थर या अर्थशास्त्रज्ञाने 1994 मध्ये हेच कोडे सांता फे गावातल्या एल फारोल नावाच्या बारवरून मांडले : 100 माणसे, 60 हून कमी आली तरच मजा, आणि कुणी कुणाला विचारायचे नाही. बरोबर उत्तर असा काही नियम तिथे असूच शकत नाही, कारण सगळ्यांना तो कळला की तो चुकतो. कोलकात्याच्या भौतिकशास्त्रज्ञांनी पुढे याच जातीचे कोडे तिथल्या स्वस्त 'पैसे हॉटेलां'वरून रचले. 'इकॉनोफिजिक्स' हा शब्दही 1995 मध्ये कोलकात्यातल्याच एका परिषदेत जन्मला. बाजार मुंबईत आणि बाजाराचे भौतिकशास्त्र कोलकात्यात, हे मला मुंबईकर म्हणून थोडे लागते.

आता ज्या निष्कर्षामुळे हे पत्र दुसऱ्या कुणाला न लिहिता आपल्यालाच लिहावे वाटले, तो सांगते. धनंजय गोडे आणि श्याम सुंदर या दोन संशोधकांनी 1993 मध्ये एक निबंध छापला. त्यांनी बाहुल्यांना अक्कल अशी दिलीच नाही. बाहुला मनाला येईल तो भाव पुकारायचा; बंधन फक्त एक, पदरचे घालवून सौदा करायचा नाही. एवढ्यावर त्यांना दुहेरी लिलावाच्या (जिथे घेणारे आणि विकणारे दोघेही भाव पुकारतात) नियमात बसवले, आणि त्या ठार अडाणी बाजाराने मिळण्याजोगा जवळजवळ सगळा फायदा सौद्यांतून काढला. माणसे बसवून केलेल्या बाजारापेक्षा फारसे कमी नाही. पुढे 1997 मध्ये डेव्ह क्लिफ यांनी दाखवले की मागणी-पुरवठ्याचा आकार बदलला तर अशा बिनडोक बाजाराचा भाव समतोलाला जाऊन टेकत नाही, थोडी शिकण्याची ताकद बाहुल्याला लागते. तरी मूळ गोष्ट उरतेच. बाजारात जे शहाणपण दिसते त्यातले बरेचसे माणसांच्या डोक्यात नसून लिलावाच्या नियमांत असते.

नियम कोण करते? आपण. 'गुंतवणूकदारांनी जागरूक राहावे' अशी जाहिरात पाहिली की मला गोडे-सुंदर यांचे अडाणी बाहुले आठवतात. चांगल्या नियमांत त्यांचेही भागते. मग वाईट मांडणीत माझ्या हुशार विद्यार्थ्याचे का भागू नये, याचा दोष आधी मांडणीत शोधायला हवा.

दुसरे एक मॉडेल सांगते, कारण आपल्या ऑप्शनच्या बाजाराशी त्याचा जवळचा संबंध आहे. 1990 च्या दशकात सांता फे इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर, जॉन हॉलंड, ब्लेक लेबॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कृत्रिम शेअर बाजार बांधला. त्यातले बाहुले आपले अंदाजाचे नियम स्वतः बदलू शकत. ते सावकाश बदलत तेव्हा भाव पुस्तकात सांगितलेल्या किमतीच्या आसपास राहायचा. त्यांना नियम भराभर बदलायला लावले की फुगे, आपटी आणि आलेख बघून सौदे करणारे तांत्रिक सटोडिये आपोआप उगवायचे. बाहुले तेच होते, त्यांचा वेग तेवढा वाढला होता. आठवड्याच्या एक्सपायरीने आपल्या बाजाराला नेमका हाच वेग दिला. महिन्याने येणारा निकाल गुरुवारी, मग बुधवारी, मग कुठल्या ना कुठल्या निर्देशांकाचा जवळपास रोजच यायला लागला.

1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाने आपण एका एक्सचेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्सपायरी ठेवली, कराराचे किमान मूल्य 15 लाखांवर नेले, प्रीमियम आधीच पूर्ण भरायला लावला. 2024-25 मध्ये व्यक्तींचा तोटा 74,812 कोटींवरून 1,05,603 कोटींवर गेला. म्हणजे 41 टक्के वाढ. यावरून कुणी म्हणाले की नियम फसला, तर मी संख्याशास्त्राची म्हणून त्याच्याशी भांडेन, कारण त्या वर्षाचा निम्म्याहून जास्त काळ नियम येण्याआधीचा आहे. आणि कुणी म्हणाले की नियम नसता तर तोटा याहून वाढला असता, तर त्याच्याशीही भांडेन. कारण नियम नसलेले 2024-25 कुणी पाहिलेलेच नाही. एका वर्षाची एकच प्रत छापली जाते. भातुकलीच्या बाजारात तेच वर्ष नियमासह 500 वेळा आणि नियमाशिवाय 500 वेळा चालवता येते.

आणि मग असे प्रश्न विचारता येतात जे तक्त्याला विचारता येत नाहीत. सोमवारचा जुगार बंद केला तर तो माणूस सोमवारी घरी बसतो, की त्याचे सोमवारचे पैसे मंगळवारच्या सौद्यात येऊन पडतात? लॉट, म्हणजे सौद्याचा किमान आकार, मोठा केला तर लहान खिशाचा माणूस बाजारातून बाहेर पडतो, की कर्ज काढून तोच लॉट घेतो, की कोपऱ्यावरच्या डब्बावाल्याकडे, म्हणजे एक्सचेंजबाहेर बेकायदा सौदे घेणाऱ्याकडे, जातो, जिथे आपला एकही नियम लागू नाही? सगळी गर्दी दोन दिवसांत कोंबली तर त्या दोन दुपारी ऑर्डर बुक किती पातळ होते? माझ्या मनात याची उत्तरे आहेत, पण मनातल्या उत्तरांवर नियम होऊ नयेत, माझ्या नाही आणि आपल्याही नाही.

पातळ ऑर्डर बुक म्हणजे काय ते 5 ऑक्टोबर 2012 रोजी आपण सगळ्यांनी पाहिले. एका दलालाकडून सुमारे 650 कोटींच्या चुकीच्या विक्रीच्या ऑर्डरी एनएसईवर गेल्या आणि निफ्टी बघता बघता 15 टक्क्यांहून जास्त कोसळून लगेच वर आला. निर्देशांकाचे 10, 15, 20 टक्क्यांचे सर्किट, म्हणजे एवढी पडझड झाली की बाजार थांबवायचा नियम, 2001 पासून कागदावर होते. 10 टक्क्यांना बाजार थांबायला हवा होता, पण थांबेपर्यंत भाव पायरी चुकलेल्या माणसासारखा खाली गेला होता. मे 2010 मध्ये अमेरिकेत डाऊ जोन्स काही मिनिटांत जवळपास 1,000 अंश पडून सावरला होता, म्हणजे ताजे उदाहरण समोर होते. ऑर्डर बुकाच्या साध्यात साध्या प्रतिकृतीतही ही पायरी दिसते : समोर खरेदीदारांची रांग किती लांब आहे हे न बघता मोठी विक्री सोडली की ती एकेक भाव गिळत खाली जाते. सर्किट किती टक्क्यांवर ठेवायचे हा प्रश्न आपण नेहमी चर्चेत घेतो. ते किती सेकंदांत लागते, आणि लागणार असे दिसताच माणसे घाबरून आणखी जोरात विकतात का, हे प्रश्न चालवून बघितल्याशिवाय सुटत नाहीत.

हे सगळे माझ्या मनचे नाही. 1990 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत नॅस्डॅकने हेच केले. तिथे भाव अपूर्णांकांतून दशांशात आणायचे होते, म्हणजे भावाची सर्वात लहान पायरी, टिक, बारीक करायची होती. कुणालाही वाटेल की पायरी जितकी बारीक तितका ग्राहकाचा फायदा. नॅस्डॅकने बाहुल्यांचा बाजार बांधून घेतला. त्यात दिसले की पायरी फार बारीक केली तर दुसऱ्याच्या ऑर्डरीवर किंचित वरचढ भाव लावून जगणारे परोपजीवी बाहुले फोफावतात आणि बाजाराचे खरा भाव शोधण्याचे काम उलट बिघडू शकते. आपल्याकडे जून 2024 मध्ये एनएसईने 250 रुपयांखालच्या शेअरांची टिक पाच पैशांवरून एक पैशावर आणली. निर्णय बरोबरही असेल. पण त्या एका पैशासाठी कुठला भातुकलीचा बाजार मांडला गेला होता, हे परळमधल्या शिक्षिकेला आणि काळबादेवीतल्या सब-ब्रोकरला सारखेच बघता आले पाहिजे. बँक ऑफ इंग्लंडने 2016 मध्ये घरांच्या बाजाराचे असे मॉडेल निबंधासह प्रसिद्ध केले, उत्पन्नाच्या किती पट कर्ज द्यावे हे त्यात तपासले. मुंबईत घर घेऊ पाहणाऱ्या कुणालाही त्या निबंधाचा हेवा वाटेल, पण तो विषय मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेचा. त्यांना वेगळे पत्र लिहीन.

मॉडेलची भक्ती करा असे मी म्हणत नाही. उलट, मॉडेलने केलेली नासधूस मी दरवर्षी एक पूर्ण तास शिकवते. आणि तो तास कापसापासून सुरू करते.

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्या तरुणपणी गिरणगावात आकडा लागायचा तो न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि मिटत्या भावांवर. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे बंद झाले, मग मडक्यातून आकडा काढू लागले आणि मटका हे नाव पडले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मात्र कापसाचेच राहिले. (आजोबा आकडा लावत नसत, असे आजी सांगायची. आजीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.) त्याच सुमारास, 1963 मध्ये, बेनवा मँडेलब्रॉट हा गणिती अमेरिकेतल्या कापसाच्या जुन्या भावांचे आकडे घेऊन बसला. त्याला दिसले की भावांच्या उड्या घंटेच्या आकाराच्या वक्रात मावत नाहीत. मोठ्या उड्या त्या वक्राने परवानगी दिली असती त्याहून कितीतरी जास्त वेळा येतात. गिरणगावातल्या कुठल्याही आकडेवाल्याने हे ऐकून मान डोलावली असती. विद्यापीठांना आणि बँकांना पटायला मात्र फार वेळ लागला.

23 मार्च 2020 ला सेन्सेक्स 3,934 अंशांनी, म्हणजे 13 टक्क्यांहून अधिक पडला. रोजची चढउतार साधारण एक टक्का धरली, तर घंटेच्या वक्राच्या हिशेबाने असा दिवस विश्वाच्या साऱ्या वयात एकदाही यायला नको. आम्ही तो लॉकडाऊनच्या तोंडावर घरात बसून पाहिला. 1998 मध्ये एलटीसीएम हा अमेरिकन फंड बुडाला, तेव्हा त्याच्या भागीदारांत आदल्याच वर्षी नोबेल मिळालेले दोन अर्थशास्त्रज्ञ होते. 19 ऑक्टोबर 1987 ला डाऊ जोन्स एका दिवसात 22.6 टक्के पडला, त्यात 'पोर्टफोलिओ विमा' नावाच्या मॉडेलचा मोठा हात होता : भाव पडला की विका, असे एकाच वेळी अनेकांना सांगणारे मॉडेल. लेडीज डब्यातल्या त्या बाईसारखेच. एकीने ऐकले असते तर सल्ला ठीक होता.

म्हणून माझी भीती बंद मॉडेलची आहे. उद्या आपण एखाद्या मोठ्या सल्लागार कंपनीकडून बाजाराची चकचकीत प्रतिकृती करून घेतली, तिचा निष्कर्ष एका पानात छापला आणि आतले गृहीतक कुलपात ठेवले, तर ती आपलीच काळी पेटी होईल. बाहुल्यांच्या सवयी कोणी ठरवल्या? घाबरट बाहुले किती, कर्जबाजारी किती? शंभरातला एक आकडा इकडचा तिकडे केला तर निष्कर्ष टिकतो का? या शास्त्राची खरी दुखरी नस हीच आहे. पुरेशी बटणे असली की कुठलेही मॉडेल हवा तो आलेख काढून देते. माझ्या विद्यार्थ्याची हिरवी रेघ ज्या युक्तीने निघाली, त्याच युक्तीने नियामकाचीही निघू शकते. यावर मला एकच उपाय माहीत आहे : बटणे दहाजणांच्या हातात द्यायची, आणि त्यातले निदान पाचजण आपल्याशी असहमत असले पाहिजेत.

त्यासाठी आपल्याला भरपूर नवी माणसे नेमावी लागणार नाहीत. सेबी भवनातून रिक्षा केली तर विद्यापीठाचे कालिना संकुल येते. तिथला अर्थशास्त्र विभाग 1921 चा आहे. पवईला आयआयटी आहे. गोरेगावला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, ती तर रिझर्व्ह बँकेनेच 1987 मध्ये काढली. या शहरात बाजार, नियामक आणि तो अभ्यासू शकणारी माणसे एका लोकलच्या पासात बसतात. त्यांना हवे आहे ते ऑर्डरीच्या पातळीवरचे आकडे, नावे आणि खाती पुसून, दोनतीन महिने जुने करून, पण सौदा कोणत्या प्रकारच्या माणसाने केला ही खूण ठेवून. ती खूण नसेल तर बाहुल्यांना सवयी अंदाजाने द्याव्या लागतात आणि सगळा खेळ पुन्हा मनातल्या उत्तरांवर येतो. खासगीपणाची अडचण मला कळते. पण जनगणना आणि नमुना पाहणी करणाऱ्या देशाला नावे पुसून आकडे देता येत नाहीत, हे मला पटत नाही.

मग पुढचे चर्चापत्र काढाल तेव्हा त्यासोबत मॉडेलचा कोड जोडा, गृहीतके साध्या मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहा, आणि सूचना मागवताना 'आपले मत कळवा' याबरोबर 'आपण चालवून पाहिले तर काय आले ते कळवा' अशी एक ओळ घाला. आणि नियम लागल्यावर वर्षभराने जो पंचनामा निघेल, त्यात मॉडेल कुठे चुकले तेही छापा. चुकलेले मॉडेल छापणारा नियामक मला जास्त विश्वासार्ह वाटेल. माझे काही सहकारी म्हणतात की अशाने आपली थट्टा होईल. होऊ द्या. थट्टा 1,05,603 कोटींपेक्षा स्वस्त पडते.

आमच्या संगणक प्रयोगशाळेत 20 यंत्रे आहेत, त्यातली 16 चालतात. गेल्या दिवाळीपासून शनिवारी दुपारी आम्ही काहीजण तिथे एक छोटा बाजार चालवतो. ऑप्शन अजून नीट जमलेले नाहीत, शेअर आणि एक साधा वायदा एवढेच. त्यातून धोरण ठरवावे असा दावा मी करणार नाही. आमचे बाहुले अजून फार आज्ञाधारक आहेत. पण आपल्या कार्यालयातून कुणी यावे, विचाराधीन असलेला एखादा नियम घेऊन यावे, आणि तो तोंडाने न सांगता आमच्या पोरांना कोडमध्ये लिहायला सांगावा, अशी इच्छा आहे. नियम कोडमध्ये लिहायला बसले की त्यातल्या किती गोष्टी ठरवायच्याच राहून गेल्या आहेत ते अर्ध्या तासात कळते. चहा आम्ही पाजू.

कळावे,

आपली विश्वासू,
परळच्या एका महाविद्यालयातील संख्याशास्त्राची शिक्षिका

ता. क. तो मुलगा आता शनिवारी येतो. त्याने त्या बाजारात स्वतःसारखा एक बाहुला घातला आहे : 60,000 रुपये, टेलिग्रामचा अल्गो आणि आईला अजून न सांगितलेले. परवा त्याने मला विचारले की या बाहुल्याला कधी थांबायचे ते शिकवू का, की आहे तसाच ठेवू. आहे तसाच ठेव म्हटले. आपले कुणी आले तर भेटायला असावा.